जनरेटरमागचा मामा

नाव हंबीरराव आणि अंगकाठी शेवग्याच्या शेंगेची. कडेगावात कुणी नवखा माणूस त्यांना शोधत आला, की तो मिशीवाला, ढेरीवाला गडी शोधायचा आणि यांच्या समोरून दोनदा निघून जायचा. आईबापांनी नाव ठेवताना पुढचा विचार केला नव्हता, दुसरं काय! गावात मात्र त्यांना नावानं हाक मारणारे कमीच. फौजेत इंजिनं दुरुस्त करण्यात सगळी नोकरी सरली, हवालदार म्हणून घरी आले आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं एस.टी.तून उतरल्या उतरल्या 'मेजर' झाले. सैन्यात बढतीसाठी माणूस झिजतो, कडेगावच्या स्टँडवर ती फुकट मिळते.

मेजरांचं काम कराड रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात. पुढं हॉलमध्ये लग्न लागायचं आणि मागं पत्र्याच्या शेडमध्ये मेजर जनरेटरपाशी स्टुलावर बसलेले असायचे. तालुक्यातल्या निम्म्या लग्नांना हा माणूस हजर, पण पाहुणा कुणाचाच नाही. जेवणाचं ताट शेडमध्येच यायचं. त्यात जिलेबी असायची, फक्त 'आणखी एक घ्या की' म्हणणारं कुणी नसायचं. भिंतीपलीकडचं सगळं ऐकू यायचं. सनई, पोरांचा दंगा, ताटांचा खणखणाट, आणि मग माइकवरची ती हाक : "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं! मामा कुठं आहेत? मामा!"

ती हाक आली की मेजर इंजिनाकडचं लक्ष काढून भिंतीकडं बघायचे. त्यांना एकच बहीण, क्रांती. कराडजवळच्या गावात दिलेली. तिला एकच मुलगी, प्रियदर्शनी. म्हणजे दुसऱ्यांच्या मामांना मारलेल्या एवढ्या हाका ऐकल्यावर स्वतःच्या वाट्याची हाक आयुष्यात एकदाच येणार होती. एरवी कशाची हौस नसलेल्या या माणसानं ती एवढी एक गोष्ट मनात राखून ठेवली होती. भाचीच्या पाठीमागं उभं राहायचं, खांद्यावर हात ठेवायचा, अक्षता पडेपर्यंत हलायचं नाही. बस्स.

घरी कुणी नव्हतं. बायको मंगल जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ झालं नाही. मंगल कराडच्या दवाखान्यात होती तेव्हा भावकीतल्या बाया डबे घेऊन यायच्या, 'आम्ही बसतो रातभर, तुम्ही पाठ टेका' म्हणायच्या. हे म्हणायचे, "नगं. माझं मी बघतो." औषध हे देणार, पाणी हे पाजणार, उशी हे बदलणार. मंगल एकदा म्हणाली होती, "आवं, माणसं का इंजिन बिघडवायला आल्यात? करू द्या की त्यांनाबी जरा." यांनी ऐकलं नाही. बाया हळूहळू यायच्या थांबल्या. मंगल गेल्यावर त्या पुन्हा आल्या असत्या, पण तोवर त्यांना सवय झाली होती, आणि यांनाही.

कामात तर विचारायलाच नको. कार्यालयाचा वॉचमन गुंडा, पन्नाशीचा, स्वभावानं गरीब आणि तोंडानं वाचाळ माणूस, शेडमध्ये मेजरांच्या सोबतीला असायचा. पण तो पान्याकडं वळला रे वळला, की मेजर ओरडायचे, "हात लावू नगंस!" चावी फिरवून जनरेटर सुरू करायची परवानगी गुंडाला होती. त्यापलीकडं देवाच्या मूर्तीला सोवळं नसेल एवढं त्या इंजिनाला होतं.

खरं सांगायचं तर मेजरांचं काम होतंही चोख. पूर्वी ड्रममधलं डिझेल वरच्या टाकीत चढवायचं म्हणजे गुंडा तोंडानं नळी ओढायचा आणि दिवसभर त्याच्या चहाला डिझेलचा वास यायचा. मेजरांनी छोटा विजेचा पंप बसवला, त्याच्या पुढं नळीवर सोलनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे करंटवर उघडणारी झडप, टाकला आणि दोघांची वायर एकाच रिलेवर, म्हणजे आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचवर, घेतली. टाकीतला तरंगता गोळा खाली गेला की पंप फिरायचा आणि व्हॉल्व्ह उघडायचा. टाकी भरली की दोन्ही बंद. वरचं डिझेल नळीनं माघारी उतरायला नको म्हणून व्हॉल्व्ह, नाहीतर पंप एकटा काय करणार? अशी कामं त्यांनी आजूबाजूच्या गावांतही केली. ती इतकी पक्की केली, की पुन्हा कुणाला बोलवायची वेळच आली नाही. चांगल्या कामाचा हा एक तोटा असतो, दाराशी कुणी फिरकत नाही.

खुद्द इंजिनाच्या डिझेल पंपावर दुसरा सोलनॉइड होता आणि या गोष्टीत सगळं त्याच्यावरच येऊन ठेपणार आहे, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा. पंपाला एक लिव्हर असतो. स्प्रिंग त्याला कायम 'बंद'कडं खेचत असते. बॅटरीचा करंट आला की सोलनॉइडमधला लोखंडी दांडा आत ओढला जातो, तो लिव्हर धरून ठेवतो आणि डिझेलची वाट उघडी राहते. करंट गेला की स्प्रिंग जिंकते, वाट बंद, इंजिन गप्प. आत तांब्याच्या दोन गुंडाळ्या. जाड गुंडाळी जोरानं ओढते. दांडा पुरता आत टेकला की तिचं काम संपतं आणि बारीक गुंडाळी थोड्याशा करंटवर त्याला धरून बसते. पण लिव्हरला जोडणारी सळई मापात नसेल आणि दांडा केसभर जरी बाहेर राहिला, तर जाड गुंडाळी ओढतच राहते, तापते आणि बघता बघता जळून जाते. म्हणून सळईचं नट आवळताना जमिनीवर आडवं व्हायचं, दांडा बोटानं चाचपायचा, टेकला की नाही ते हातानं बघायचं. डोळ्यांनी नाही. हे मेजरांनी गुंडाला इतक्यांदा सांगितलं होतं, की गुंडा झोपेतही म्हणाला असता.

प्रियदर्शनीचं लग्न ठरलं ते मे महिन्यात, गोरज मुहूर्तावर, आणि याच कार्यालयात. साताऱ्याला एका कारखान्याच्या ऑफिसात ती नोकरीला होती. तिनं फोनवर बजावून सांगितलं, "मामा, त्या दिवशी मागं शेडमध्ये गेलात तर बघा. माझ्या मागं उभं राहायचं."

"व्हय गं बाई, व्हय," मेजर म्हणाले. त्यांनी पांढरी शुभ्र कापडं शिवून घेतली. फेटा गुलाबी. आरशासमोर तो दोनदा बांधला आणि दोनदा सोडला. घरात कसा झालाय ते सांगायला कुणी नव्हतं.

लग्नादिवशी सकाळीच, त्याच कापडांत, ते शेडमध्ये डोकावले. जनरेटर एकदा बघून घेतल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागलं नसतं. बघतात तर सळईचं नट ढिलं झालेलं.

गुंडा तिथंच मळकट बनियनवर बसला होता. म्हणाला, "सरका मेजर, मी आडवा हुतो आन आवळतो. तुमची कापडं नवी हायती."

"हात लावू नगंस," मेजर म्हणाले.

मग त्यांनी पान्याला रुमाल गुंडाळला, धोतर सांभाळत उभ्यानंच वाकले आणि नट आवळलं. आडवे झाले नाहीत. बोटानं चाचपलं नाही. नजरेनं बघितलं, 'बसलंय' म्हणाले. गुंडानं चावी मारली, इंजिन लागलं, क्षणभर चालवून बंद केलं. सगळं ठीक. आयुष्यात पहिल्यांदा कापडं स्वच्छ ठेवून केलेलं काम ते, आणि तेच नेमकं केसभर चुकलं.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. माइकवर हाक आली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" आणि या खेपेला 'मामा कुठं आहेत' विचारायची गरजच पडली नाही. मामा दारातच उभे होते. हिरव्या शालूतली, मुंडावळ्या बांधलेली भाची घेऊन हा शेवग्याच्या शेंगेएवढा माणूस मधल्या वाटेनं असा चालला, की बघणाऱ्यांना त्याचं हंबीरराव हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा पटलं. स्टेजवर अंतरपाट धरला गेला. मेजरांनी भाचीच्या खांद्यावर उजवा हात ठेवला. शेजारी त्यांचा चुलतभाऊ लालासाहेब होताच. लालासाहेब म्हणजे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात आणि प्रत्येक फोटोत असलेला माणूस. सगळ्यांचा पाहुणा, सगळ्यांचा सोयरा, हसला की अख्खा मांडव हसायचा.

भटजींनी घसा खाकरला आणि लाइट गेली.

बाहेर डीपीवरचा जंप, म्हणजे जोडाची तार, उडाला होता. अंधारात एकच गलका झाला. पण मागं गुंडानं चावी मारली, इंजिन धडधडलं आणि उजेड आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भटजींनी पहिलं मंगलाष्टक उचललं. मेजरांना मात्र इंजिनाचा आवाज ऐकताना काहीतरी खटकलं. तेवढ्यात ते अडखळलं, खोकलं आणि मेलं. पुन्हा अंधार. पंखे थांबले. पोरं रडायला लागली. कुणीतरी ओरडलं, "मुहूर्त चालला, मुहूर्त!"

मेजरांना कळलं. सकाळची ती नजर, तो रुमाल, सगळं एका क्षणात कळलं. हाताखाली भाचीचा खांदा थरथरत होता. त्यांनी अंधारात चाचपत लालासाहेबाचा हात धरला, आपला हात उचलला आणि त्या जागी त्याचा ठेवला. "जरा धर," एवढंच कानात म्हणाले आणि स्टेजच्या मागच्या दारानं पळाले.

शेडमध्ये जळक्या वार्निशचा वास भरला होता. गुंडा मोबाइलचा उजेड धरून उभा. सोलनॉइड हाताला चटका बसावा इतका तापलेला, आतली गुंडाळी कोळसा. बदलायला दुसरा नव्हता. मेजर खाली बसले आणि पंपाचा लिव्हर हातानंच 'चालू'कडं ओढून धरला.

"मार चावी."

इंजिन लागलं. हॉलमध्ये उजेड आला तसा सुटकेचा मोठा गलका झाला. आता लिव्हर सोडला की स्प्रिंग तो मागं खेचणार आणि पुन्हा अंधार. समोर भिंतीवर खिळ्याला तार लटकत होती. कुणीही दुसऱ्यानं लिव्हर तारेनं बांधला असता आणि लग्नाला गेला असता. पण फौजेत असताना असा बांधलेला लिव्हर, बंदच न होणारं, बेफाम सुटलेलं इंजिन आणि त्यापुढं उभा असलेला माणूस मेजरांनी बघितला होता. तारेचा विचार त्यांनी केला नाही. ते बरोबरच होतं.

पण तारेशिवाय दुसरीही एक सोय होती आणि ती शेजारी उकिडवी बसली होती.

"मेजर, आवं द्या हिकडं," गुंडा म्हणाला. "मी धरतो. धरायचाच तर हाय. तुमी जावा, पोर थांबलीया."

"हात लावू नगंस!"

शब्द तोंडातून गेला. विचार करून गेला नाही, आयुष्यभराच्या सवयीनं गेला. गुंडानं पुढं केलेला हात मागं घेतला. भिंतीपलीकडं पुन्हा मंगलाष्टक सुरू झालं. "सावधान" म्हटल्यावर तांदळाची सर पत्र्यावर पडल्यासारखी ऐकू आली. मेजरांना वाटलं, आता म्हणावं याला, धर बाबा. दुसरं मंगलाष्टक. अजूनही वेळ होता. चार पावलांवर तर दार. पण हा चुकला तर? इंजिन बसलं तर? पोरीच्या लग्नात तिसऱ्यांदा अंधार झाला तर? बोटं बधिर झाली होती, मनगट भाजत होतं आणि घाम फेट्यातून डोळ्यांत उतरत होता. तिसरं झालं, चौथं झालं. शेवटी वाजंत्री कडाडली, टाळ्यांचा आणि हलगीचा कल्लोळ उठला. लग्न लागलं होतं.

गुंडाच्या खिशात कागदाच्या पुडीत अक्षता होत्या. त्यानं त्यातल्या थोड्या मेजरांच्या मोकळ्या डाव्या हातावर ठेवल्या. मेजरांनी त्या भिंतीच्या दिशेनं टाकल्या. काही इंजिनाच्या तेलात चिकटल्या.

बऱ्याच वेळानं बाहेरची लाइट आली. गुंडानं दोनदा सांगितलं तेव्हा कुठं मेजरांनी लिव्हर सोडला. नळावर ते माती लावून हात घासत होते, तेव्हा क्रांती आली. तिनं भावाचा पांढरा अंगरखा बघितला, छातीवरचा तेलाचा पट्टा बघितला. गुंडाला तिनं आधीच गाठलं असावं.

"दादा," ती म्हणाली, "माझी पोर लालाच्या हातात दिलीस. आन त्यो लोखंडाचा दांडका गुंडाच्या हातात द्यायला तुझा जीव झाला न्हाई व्हय रं?"

तिला रागवायचं होतं, पण रडू आलं. मेजर हात घासत राहिले. बहिणीनं एका वाक्यात त्यांचा सगळा जन्म मांडला होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

स्टेजवर फोटो चालले होते. भाचीनं लांबूनच बघितलं आणि शालू सावरत उतरली. जावयासकट पाया पडली. मेजरांनी आशीर्वादाला उजवा हात उचलला, पण काळं लागेल म्हणून डोक्यावर टेकवला नाही, वरच धरला.

"मामा," ती आनंदानं म्हणाली, "लाइट गेली तवा मी लय भ्याले होते. पण तुमचा हात खांद्यावरनं हलला न्हाई. म्हणून मी रडले न्हाई."

मान खाली घालून, डोळ्यांवर मुंडावळ्या घेऊन उभ्या असलेल्या नवरीला मागचं काय दिसणार? शेजारी लालासाहेब होता. त्यानं तोंड उघडलं आणि मेजरांकडं बघून मिटलं. तेवढा शहाणपणा त्याच्याकडं होता. क्रांती दुसरीकडं बघत होती.

"व्हय," मेजर म्हणाले. "हुतोच की मी."

पोरीचा निरोप झाला, मांडव रिकामा झाला. मेजर एकटेच चालत घरी गेले. खोटं बोलल्याचं त्यांना वाईट वाटलं, पण ते खोटं त्यांना इतकं गोड लागलं होतं, की ते रस्ताभर तेच मनात घोळवत राहिले. पुढं फोटो येतील, व्हिडिओ येईल, तिला दिसेलच सगळं. तोवर तरी आपण तिच्या मागं उभे होतो.

व्हिडिओ आला. क्रांतीनं त्यांच्या मोबाइलवर पाठवला. त्यांनी तो उन्हातून सावलीत जाऊन बघितला. सगळं लखलखीत दिसत होतं. भाचीची खाली घातलेली मान, तिच्या खांद्यावरचा गुबगुबीत हात, लालासाहेबाचं हसू. मेजरांनी मोबाइल उशाखाली ठेवला. संध्याकाळी भाचीचा फोन आला.

"मामा, व्हिडिओ बघितला."

"हं."

पलीकडं सासरच्या घरातली भांडी वाजलेली ऐकू येत होती.

"उजेड चांगला आलाय, मामा," ती शेवटी म्हणाली. "सगळ्यांची तोंडं दिसत्यात." मग जेवलात का विचारलं आणि फोन ठेवला.

त्यानंतरच्या लग्नाआधी सांगलीहून नवा सोलनॉइड आला. मेजरांनी तो खोक्यातून काढला, दोन्ही गुंडाळ्यांच्या वायरी बघितल्या आणि स्टुलावर बसून राहिले. मग म्हणाले, "गुंडा, आडवा हो. तू बसीव."

गुंडाला वाटलं मेजरांची तब्येत बिघडली. "मी? हात लावू?"

"लाव."

गुंडा जमिनीवर आडवा झाला. त्यानं सळई जोडली, नट फिरवलं, बोटानं दांडा चाचपला, पुन्हा फिरवलं, पुन्हा चाचपला. सांगायची गरज पडली नाही. इतकी वर्षं ऐकून त्याला सगळं येत होतं. मेजरांना त्याचंच जास्त लागलं. त्या दिवशीही यानं लिव्हर नीट धरला असता.

संध्याकाळी हॉल भरला. लाइट गेली, गुंडानं चावी मारली आणि इंजिन एका सुरात चालू लागलं. मेजरांनी कानोसा घेतला. कुठंच खोट नव्हती. त्यांना करण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं. एवढ्यात भिंतीपलीकडून माइक खरखरला.

"मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं! मामा कुठं आहेत? मामा!"

हंबीरराव स्टुलावरून उठून उभे राहिले.

"कुठं निघाला, मेजर?" गुंडानं विचारलं.

"कुठं न्हाई," ते म्हणाले आणि परत बसले.